डाग गेला की ये

टॉर्चबाईची टॉर्च ज्या हातावर दोनदा थांबते तो हात आतून काळा पडत जातो, अशी कुजबुज बिस्किटांच्या कारखान्यात होती. कोणी म्हणे, उजेड कातडीखाली शिरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. कोणी म्हणे, टॉर्च बिचारी निर्दोष, बाईची नजरच तसली. पॅकिंगमधली वजनवाली, जिच्या पोटात गुपित तापल्या तव्यावरच्या थेंबाइतकंच टिकायचं, ती तर शपथेवर सांगायची की बाईने एकदा ऑफिसबाहेरच्या कुंडीतलं रोप निरखून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या पानांवर काळे ठिपके आले. रोपाला कीड लागली होती हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण कीड लागली एवढंच सांगायला जेवणाची सुट्टी कोण वाया घालवेल?

जिच्याबद्दल हे चाललं होतं ती बाई दिसायला अगदीच साधी. बुटकी, रुंद, चष्म्याला दोरी आणि दोरीला तीन गाठी. चालायला लागली की आधी पोट पोचतं आणि मागून बाई येते, अशी तिच्या सख्ख्या बहिणीनेच तिची थट्टा करून ठेवलेली. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गेली बावीस वर्षं तिचं एकच काम होतं, हात बघायचं. भविष्य सांगायला नव्हे, आत सोडायला.

फाटकातून आत आलं की पॅकिंगच्या हॉलआधी एक अरुंद बोळ लागायचा. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फरशा, मधे स्टीलचा ओटा, आणि वर एक ट्यूबलाइट, जी लागली आहे की अजून लागायची आहे हे तिचं तिलाही ठाऊक नसावं. म्हणून टॉर्च. सकाळी दोनशे बायका बाह्या कोपरापर्यंत सारून रांगेने यायच्या आणि ओट्यावर हात ठेवायच्या.

"पालथे," बाई म्हणायची. "उताणे. बोटं फाका. जा."

दोनशे वेळा हेच. मधे कोणी "बाई, आज कानातले नवे का?" असं लाडीगोडीने विचारलं तरी टॉर्च हलायची नाही. हातावर काही दिसलं तर वहीत नावापुढे लाल टिंब. टिंब म्हणजे आठ दिवस घरी. जुन्या बायकांचं त्यात फार बिघडत नसे. पण सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेल्या नव्या मुलींना तीन टिंबं झाली की फाटक कायमचं बंद. टिंब काढून झालं की बाई प्रत्येकीला तेच सांगायची, रागाने नाही आणि मायेनेही नाही, एखादा टपालवाला सही मागतो तसं.

"डाग गेला की ये."

ही शिस्त तिने एकटीने उभी केली होती. बावीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या मॅनेजरने तिला बोळात उभं करून सांगितलं होतं की हाताला जखम असलेली बाई पिठाजवळ जाता कामा नये, आणि शंका आली तर सरळ परत पाठवायची. बाई प्रामाणिक. तिला शंका फार. ओल्या जखमेची शंका, सुकलेल्या खपलीची शंका, आणि खपली पडून गेल्यावर मागे उरलेल्या काळ्या डागाचीही शंकाच. तो मॅनेजर गेला, त्याच्यानंतरचे चार गेले, शंका तशीच राहिली. बिस्किटांत कधी काही निघालं नाही, म्हणून कोणी तिला विचारलं नाही की बाई, तुम्ही नक्की काय बघता?

आणि डागांना तिथे तोटा नव्हता. भट्टीची धग, हवेत साखरेची पूड, आणि गणवेशाच्या बाहीला मनगटाशी घट्ट इलॅस्टिक. त्याखाली घाम साचायचा, घामाने खाज, खाजवलं की पुळी, पुळीत पू. आठ-दहा दिवसांत ती सुकून जायची. मागे राहायचा मसुरीएवढा काळपट ठिपका, दुखत नाही, खुपत नाही, नुसता असतो.

तर अशा या कारखान्यात टॉर्चबाईची भाची कामाला लागली. बहीण वारली होती, मेहुण्याने त्याआधीच डोळे मिटले होते, आणि पोरगी आपल्या थोरल्या भावाच्या घरी राहत होती. राहत होती म्हणजे भावजयीची भांडी, भावजयीची मुलं आणि भावजयीचे टोमणे सांभाळत होती. "आमच्याकडे तिला काहीच कमी नाही," असं भावजय जगाला सांगायची, आणि ते खरंच होतं. कामाची तर मुळीच कमी नव्हती. मावशीने एका रविवारी जाऊन पोरीची पिशवी उचलली. निघताना भावजय दारात उभी राहून म्हणाली, "जा बाई, जा. सहा महिन्यांनी येशीलच. पाण्याची टाकी घासायची राहिलीय, ती तशीच ठेवते."

हे वाक्य पोरीच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. कायम झाल्याचं पत्र हातात पडलं तर मावशीजवळ राहता येणार होतं, नाही पडलं तर ती टाकी वाट बघतच होती. सगळा प्रश्न एवढाच होता.

पहिले दोन महिने बरे गेले. तिसऱ्या महिन्यात भाचीच्या डाव्या मनगटावर पुळी आली, पिकली, फुटली आणि बरी झाली. मागे मसुरीएवढा डाग राहिला. सोमवारी सकाळी भाचीने ओट्यावर हात ठेवले आणि टॉर्च मनगटावर थांबली. पुढे गेली, परत आली.

सगळ्या जणी माना लांब करून बघत होत्या की आता मावशी काय करते. भाचीच्या मागे शिट्टी उभी होती. तिच्या पुढच्या दातांत फट होती, म्हणून बोलताना वाराही यायचा आणि विनोदही. ती भाचीच्याच तुकडीतली, तिच्या नावावर एक टिंब आधीच होतं.

"बाई, घरचा हात आहे," शिट्टी म्हणाली. "घरी बघून नाही का आणायचा?"

चार-पाच जणी हसल्या. ते हसू टॉर्चबाईला झोंबलं. तिने वही ओढली, लाल पेन काढलं आणि भाचीच्या नावापुढे टिंब टेकवलं, इतकं जोरात की ते मागच्या पानावरही उमटलं.

"मावशी, बरं झालंय गं ते. दुखत पण नाही."

"इथे मावशी नाही," टॉर्चबाई म्हणाली. "डाग गेला की ये."

त्या आठ दिवसांत घरी भाची फारसं बोलली नाही. टॉर्चबाई संध्याकाळी यायची तेव्हा न्हाणीघरातून घासण्याचा आवाज येत असायचा. भांडी नुसती आरशासारखी लखलखत होती. पोरगी मनाला लावून घेऊन कामात जीव रमवतेय, गुणाची आहे, असं म्हणून टॉर्चबाई चहा टाकायची. भांड्यांची तारेची घासणी चार दिवसांत झिजून गेली हेही तिच्या लक्षात आलं. तिने दुसरी आणून दिली.

नवव्या दिवशी भाची रांगेत आली. डाग गेला नव्हता. मसुरीचा वाटाणा झाला होता, कडा लालसर आणि मध्यभागी शाईसारखा काळा. टॉर्चबाईने दोनदा बघितलं. तिला वाटलं, आपलं काही चुकतंय. मग दुसरं टिंब पडलं.

आता तिसरं पडलं की संपलं.

याच सुमारास रांगेतले हात बिघडायला लागले. आधी आठवड्याला तीन-चार डाग दिसायचे, आता रोज तीन-चार दिसू लागले, आणि तेही मनगटापुरते नव्हे. बोटांच्या पेरांवर, हाताच्या पाठीवर, एकीच्या तर कोपरापर्यंत, जसं कोणी भरलेला पेन झटकला असावा. एक महामाया दोन्ही हातांना मैदा फासून आली, चुना मारलेल्या भिंतीसारखी. "बाई, सकाळी कणीक मळत होते," म्हणाली. बाईने ओलं फडकं फिरवलं तर खालून सात डाग निघाले. कोणी हसलं नाही. पूर्वी असल्या गोष्टीवर बोळ दणाणून गेला असता.

शिट्टीलाही दुसरं टिंब मिळालं. "चला," ती म्हणाली, "आता तिसरं मिळालं की माझं तोंड पूर्ण बंद. तुम्हालाच करमणार नाही बघा." त्याही दिवशी ती एकटीच हसली.

कुजबुज टॉर्चबाईच्या कानावर आली ती कपाटांच्या खोलीत. ती कोपऱ्यात चपला बदलत बसली होती आणि कपाटांच्या पलीकडे वजनवाली डबा उघडून आणि तोंडही उघडून बसली होती.

"मी सांगते ना. ती दोनदा बघते ना, तिथेच सगळं. एकदा बघितलं तर वाचते माणूस. स्वतःच्या भाचीला सोडलं नाही तिने, आपण कोण?"

"काहीतरीच हं तुझं."

"काहीतरीच? मग सांग, तिने परत पाठवलेली एक तरी बाई साफ होऊन आली का? आठ दिवस घरी बसायचं आणि आधीपेक्षा काळं होऊन यायचं. एक दाखव, मी आजपासून बोलणं सोडते."

वजनवालीने बोलणं सोडणं म्हणजे सूर्याने उगवणं सोडण्यासारखं होतं, तेव्हा तिला पक्की खात्री असणार. टॉर्चबाई मनाशी हसली. असल्या बाजारगप्पा तिने बावीस वर्षांत कैक ऐकल्या होत्या. एका चपलेत पाय घालून तिने दुसरी शोधली आणि मग तिचा पाय हवेतच राहिला.

एक तरी बाई?

दुपारी बोळ रिकामा असताना तिने वही काढली. मागची पानं उलटली. ज्या नावापुढे पहिलं टिंब, त्याच नावापुढे दहाव्या-बाराव्या दिवशी दुसरं. मग तिसरं. टिंबाजवळ तिनेच बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, डावं मनगट, एक. पुढच्या पानावर, डावं मनगट, तीन. त्याच्या पुढे, दोन्ही हात. तिने मागच्या वर्षाची वही काढली, त्याच्या आधीच्या वर्षाची काढली. जिचा डाग घाईगर्दीत टॉर्चखालून निसटला होता आणि नंतर जेवणाच्या सुट्टीत नुसता ओझरता दिसला होता, तिच्या नावापुढे पुढे कधीच काही नव्हतं. जिला तिने नीट पाहिलं होतं तिचा हात बिघडला होता. वही तिची, अक्षर तिचं. खोटं ठरवणार कोणाला?

ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग तिने टॉर्च तोंडाजवळ धरली, लावली आणि काचेत डोळे बारीक करून पाहिलं. डोळ्यांपुढे जांभळे-काळे ठिपके नाचायला लागले आणि बराच वेळ गेले नाहीत.

त्या दिवसापासून टॉर्चबाईने भाचीकडे बघणं सोडलं.

रांगेत भाचीची पाळी आली की टॉर्चचं बटण बंद. मान वर, नजर समोरच्या फरशीवर. "पालथे उताणे जा," एका श्वासात. मागच्या बायकांना वाटलं, आता कशी मावशी पाझरली! वजनवाली तर म्हणाली, "रक्त पाण्यापेक्षा दाट असतं, आम्ही पाणी." घरीही तेच. भाचीने ताट पुढे केलं तर मावशी ताटाकडे बघायची, हाताकडे नाही. भाची बाही ओढून घ्यायची, मावशी मान फिरवायची. दोन खोल्यांचं घर, त्यात दोघी एकमेकींना चुकवत वावरायच्या, भाडेकरू आणि घरमालक असल्यासारख्या. जी बाई दिवसाला चारशे हात बघायची तिला घरातले दोन हात महिनाभर दिसले नाहीत. तिला वाटत होतं, आपण पोरीला वाचवतोय.

भाचीने त्याचा अर्थ वेगळा लावला. एका संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी ती दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, तू मला सांभाळून घेतेयस, कळतं मला. पण पत्राच्या आधी डॉक्टर बघणार आहेत ना हात?"

"हो. पुढच्या गुरुवारी. नव्या तुकडीचे सगळ्यांचे."

"तिथे तू नसशील."

"नसेन."

"तोपर्यंत घालवते मी," भाची म्हणाली.

काय घालवतेस, कसं घालवतेस, हे विचारायला टॉर्चबाईने तोंड उघडलं. पण विचारलं असतं तर बघावं लागलं असतं. तिने तोंड मिटलं.

सोमवारी शिट्टी आली नाही. मंगळवारी कळलं की तिला ताप भरलाय, हात खांद्यापर्यंत सुजलाय, बरळतेय. बुधवारी सकाळी रांग लागायच्या आधीच वजनवाली बोळात आली. तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता, आणि हेच इतकं भलतं होतं की टॉर्चबाईला पुढचं कळलं.

"गेली?"

"पहाटे. रक्तात विष पसरलं म्हणे." वजनवाली ओट्यापासून दोन पावलं लांबच उभी होती. "टॉर्चबाई, एक मागू? माझे हात आज नका बघू."

त्या दिवशी रांगेतल्या निम्म्या बायका डोळे मिटून पुढे आल्या. एक म्हातारी, भट्टीवरची, ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती. टॉर्चबाईने टॉर्च लावलीच नाही. "जा," म्हणाली. "जा. जा. जा." दोनशे बायका दहा मिनिटांत आत गेल्या. शिट्टीच्या जागेपाशी रांगेत एक फट राहिली होती आणि ती बुजवायला कोणी पुढे सरकत नव्हतं.

गुरुवारी दोघी मायलेकींसारख्या बरोबरच घरून निघाल्या. भाचीचा चेहरा उतरला होता, अंगावर शाल होती, आणि गरम होत असतानाही तिने ती सोडली नव्हती. फाटकाशी "तू हो पुढे, आलेच मी," म्हणून ती मागे राहिली. टॉर्चबाई बोळात गेली. रांग आली. रांगेत भाची नव्हती. नव्या तुकडीतल्या आणखी सात-आठ जणी नव्हत्या. डॉक्टर नऊला यायच्या होत्या, घड्याळात पावणेनऊ झाले होते.

"आमची पोर कुठंय?" टॉर्चबाईने विचारलं.

भट्टीवरच्या म्हातारीने मान वळवून मागच्या बाजूला बघितलं. त्या बाजूला फक्त ट्रे धुवायची खोली होती.

टॉर्चबाई बावीस वर्षांत पहिल्यांदा रांग सोडून निघाली.

खोलीचं दार लोटलेलं होतं, आतून वाफ येत होती. बिस्किटांच्या ट्रेला जळून चिकटलेली साखर काढायला तिथे हौदात गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा असायचा. ते काम लांब रबरी हातमोजे घालूनच करायचं अशा पाट्यांवर पाट्या लावलेल्या होत्या, कारण तो सोडा ट्रेवरची साखर खातो तशी कातडीही खातो. दार ढकललं तर हौदाभोवती आठ जणी ओळीने ओणव्या उभ्या. हातमोजे खुंटीला. बाह्या वर. प्रत्येकीने डोक्यावरची टोपी काढून, गुंडाळी करून दातांत घट्ट धरलेली. ओरडू नये म्हणून. आणि आठही जणी तारेच्या घासण्यांनी आपापले हात घासत होत्या. बोलणं नाही, रडणं नाही. ओल्या तारेचा खरखर आवाज तेवढा, एका लयीत.

शेवटची भाची होती.

टॉर्चबाईने तिचा हात धरून ओढला आणि महिन्याभरात पहिल्यांदा बघितला. मनगट राहिलं नव्हतं, सगळा हातच फुगला होता. बोटं मिटत नव्हती. डागाच्या जागी खोल पांढरट खड्डा, त्यातून पू, आणि तिथून निघालेली एक लाल रेघ कोपर ओलांडून दंडापर्यंत चढलेली. हात तव्यासारखा तापला होता.

"कधीपासून?"

भाचीने दातांतली टोपी काढली. "डॉक्टर आले का? आणखी थोडंच राहिलंय, मावशी."

डॉक्टर आल्या होत्या. तरुण होत्या, या कारखान्यात त्यांचा हा दुसराच महिना. त्यांनी हात पाहिला, ती लाल रेघ पाहिली आणि तपासणीचे कागद बाजूला सारून मॅनेजरची गाडी मागितली. गाडीत मागच्या सीटवर मधे भाची, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला टॉर्चबाई.

"सोड्याने हात का घासत होती ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"डाग होता."

"कसला?"

"पुळीचा. बरी झालेल्या पुळीचा."

"बरी झाली होती ना? मग?"

"डाग होता," टॉर्चबाई पुन्हा म्हणाली.

डॉक्टरांनी मग समजावलं, गाडी खड्ड्यांतून जात होती म्हणून तुकड्यातुकड्यांनी. जखम बरी होताना कातडी रंग जास्त सोडते, तोच तो डाग. त्यात पू नसतो, जंतू नसतात, तो कोणाला लागत नाही, बिस्किटाला तर मुळीच नाही. "आग विझल्यावर भिंतीवर काजळी राहते ना, तसं. काजळीने घर पेटतं का? हात लावायचा नाही, ऊन लागू द्यायचं नाही. चार-सहा महिन्यांत फिका होतो, कोणाला वर्ष लागतं. आपलं आपण जातं ते. घासलं की मात्र जास्त काळं होतं, आणि सोललं की पुन्हा पिकतं."

टॉर्चबाई खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "आठ दिवसांत नाही जात?"

"आठ दिवसांत? कोणी सांगितलं तुम्हाला?"



इस्पितळात हात दोनदा चिरून पू काढावा लागला. पाच दिवस ताप उतरला नाही आणि तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी टॉर्चबाईला बाजूला घेऊन, हात राखायचा की पोरगी, असं विचारायची वेळ येऊ शकते, तयारी ठेवा, असं सांगितलं. टॉर्चबाईने मान हलवली. कॉटजवळच्या स्टुलावर बसून ती त्या लाल रेघेकडे बघत राहिली. कुजबुज खरी असली तर आपल्या बघण्याने ती वाढेल, खोटी असली तर नाही, हे आता कळणारच होतं. तिने नजर हलवली नाही. सहाव्या सकाळी रेघ दंडावरून कोपराखाली आली होती.

हात राहिला. दोन बोटं मात्र अर्धीच मिटतात. पॅकिंगच्या पट्ट्यावर मिनिटाला चाळीस पुडे उचलावे लागतात, तिथे अर्ध्या मिटणाऱ्या बोटांचं काम नाही, म्हणून पत्र आलं नाही. भावजयीचा मात्र निरोप आला, टाकी अजून तशीच आहे असा. टॉर्चबाईने उलट निरोप धाडला की तुझे दोन्ही हात धड आहेत, तूच घास. भाची मावशीकडेच राहिली. पुढे तिला एका शाळेत घंटा द्यायची आणि हजेरीपट वर्गावर्गात न्यायचं काम मिळालं.

डाग जायला अकरा महिने लागले. आधी शाईसारखा, मग करडा, मग कोऱ्या चहासारखा, मग दुधाच्या चहासारखा. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या साध्या दिव्याखाली भाची हात पुढे करायची, मावशी बघायची. "आज फिका वाटतो का गं?" भाची विचारायची. "कालच्याइतकाच," मावशी म्हणायची, कारण खोटं बोलायची सवय नव्हती. चिरल्याचे दोन वण मात्र गेले नाहीत, ते जाणारे नव्हतेच.

टॉर्चबाईने वह्या डॉक्टरांना नेऊन दिल्या आणि बोळातलं काम सोडलं. कारखान्यात अजून तिचं नाव निघालं की नव्या मुली बाह्या खाली ओढतात. वजनवाली अजूनही शपथेवर सांगते, आता त्यात शिट्टीही असते.

खरी गोष्ट इतकीच होती. टॉर्चबाईच्या नजरेत काही नव्हतं आणि टॉर्चमध्येही काही नव्हतं. ती बऱ्या झालेल्या जखमांच्या डागांसाठी बायकांना घरी पाठवत होती, आणि आठ दिवसांत डाग घालवून यायला सांगत होती. बायका ट्रे धुवायचा सोडा चोरून नेत होत्या आणि तारेने हात घासत होत्या, कायम व्हायचे दिवस जवळ आले तशा जास्तच. सोललेली कातडी पिकत होती, बरी होऊन आधीपेक्षा काळी पडत होती, आणि तिला पुन्हा टिंब मिळत होतं. सोडा चोरल्याचं कळलं तर नोकरी जाईल म्हणून हे कोणी बोललं नाही, वजनवालीपुढे तर नाहीच, आणि बाईच्या नजरेची कुजबुज त्यांनीच चालू ठेवली. शिट्टी त्या घासण्यानेच मेली.